ट्रम्पेटचा मुका

आपल्या शास्त्रकारांनी वाद्यांचे चार वर्ग पाडले आहेत : तंतुवाद्यं, सुषिरवाद्यं, अवनद्ध वाद्यं आणि घनवाद्यं. हे शास्त्रकार बहुधा अरण्यात राहत असावेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या माणसाला वाद्यांचे दोनच वर्ग ठाऊक असतात. शेजाऱ्याला ऐकू न जाणारी आणि शेजाऱ्याला ऐकू जाणारी. सतार, दिलरुबा, बासरी ही मंडळी पहिल्या वर्गातली. दार लावलं की त्यांचा संसार घरातल्या घरात चालतो. दुसऱ्या वर्गात ढोलकी येते, झांज येते, आणि या वर्गाच्या पार शेवटच्या टोकाला, वरातीच्याही दोन पावलं पुढे, ट्रम्पेट उभा असतो.

ट्रम्पेटची यात काही चूक नाही. सुमारे दीड मीटर लांबीची पितळी नळी, वळसे देऊन हातभर केलेली. एका टोकाला ओठ टेकवायची छोटीशी वाटी, दुसऱ्या टोकाला धोत्र्याच्या फुलासारखा उमललेला कर्णा. ही रचनाच मुळी लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून झालेली. इजिप्तच्या तुतान्खामेन राजाचं थडगं १९२२ साली सापडलं, त्यात दोन ट्रम्पेट निघाले, एक चांदीचा आणि एक तांब्याच्या मिश्रधातूचा. तीन हजारांवर वर्षं जुने. १९३९ साली ते वाजवून बीबीसीनं सगळ्या जगाला ऐकवले. त्या ट्रम्पेटांच्या पोटात नेमके बसतील असे लाकडी ठोकळेही सापडले होते. नळीचा आकार दबू नये म्हणून ते घालत, असं विद्वान म्हणतात. म्हणोत बापडे. विद्वानांना वरच्या मजल्यावर राहणारी राणी नसते.

आता बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या हातात ट्रम्पेट आला कसा, हे थोडक्यात सांगतो. दर नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. त्यात एक गोव्याचे म्हातारे बँडवाले होते. आयुष्यभर ट्रम्पेट वाजवलेला, आता बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत मुक्काम. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "आपण जिवंत असल्याचं इथे लिहून द्या." ते म्हणाले, "लिहून कशाला? बाहेर स्कूटरवर पेटी आहे, वाजवून दाखवतो!" ज्या माणसाकडे जिवंत असल्याचा असा रोकडा पुरावा आहे, त्याचा मला हेवा वाटला. माझ्याकडे फक्त आधार कार्ड होतं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे शिकायला गेलो. तेव्हापासून ते माझे मास्तर.

मास्तरांचा नियम एकच : रोज वाजवायचं. ट्रम्पेटचा आवाज मुळात ओठांच्या थरथरीतून निघतो, आणि ओठ हा स्नायू आहे. तो रिकरिंग डिपॉझिटसारखा वागतो. हप्ते नेमाने भरले तर फळ देतो, आठवडाभर थकवले तर कामातून जातो. रोज एक तास. मी दहिसरच्या आमच्या इमारतीतला तास शोधायला बसलो आणि बँकेतल्या सवयीनं तक्ता मांडला.

पहाटे ६ ते ७ : समोरचे काका ध्यानाला बसतात.
सकाळी ९ ते दुपारी ३ : खालच्या मजल्यावरच्या सिस्टरबाई रात्रपाळी करून आलेल्या असतात, त्यांची ती रात्र.
दुपारी ३ ते ६ : तिसऱ्या मजल्यावरची दहावीची मुलगी अभ्यासाला बसते.
संध्याकाळी ७ नंतर : काकांचा दिवा, रामरक्षा आणि टीव्हीवरच्या मालिका, या क्रमाने.
रात्री १० नंतर : कायदा.

कायदा खरोखरच आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल. ट्रम्पेट जवळून ऐकला तर सहज १०० च्या घरात जातो. सौ. म्हणाली, "म्हणजे दुप्पटच की! थोडं हळू फुंका." इथे माझं बी. कॉम. कामाला आलं. डेसिबल हा लॉगरिदमचा हिशेब. लॉगरिदम म्हणजे चक्रवाढ व्याजाचा चुलतभाऊ. दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. ५५ आणि १०० यांतला फरक दुप्पट नव्हे, तीस हजार पटींहूनही जास्त आहे. अर्थात नियमातलं माप वाद्याला कान लावून घ्यायचं नसतं, भिंती आणि अंतर बरीच सूट देतात. पण तीस हजार पटीवर सूट मिळून मिळणार किती?

शिवाय प्रश्न कायद्याचा नव्हताच. दुपारी झोपणाऱ्या सिस्टरबाईंसाठी कोणत्याही नियमात कलम नाही. पण आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ब्लडप्रेशर बघायला ती बाई ड्यूटीवर जाता जाता जिना चढून येते, एक पैसा न घेता. अशा बाईची झोप मोडून मिळवलेली कला शंकरापुढे नेऊन ठेवली तरी तो तिसरा डोळा उघडेल.

घरगुती उपाय पुष्कळ झाले. कर्ण्यात मुलाचा क्रिकेटचा मोजा कोंबून पाहिला. ट्रम्पेटचा आवाज फारसा बदलला नाही, मोज्याचा वास मात्र उलट्या दिशेने आला. मग कुणीतरी सांगितलं, कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड करून वाजवा, कपडे आवाज पितात. हे खरं आहे. कपडे आवाजाचा कर्कशपणा चांगला शोषून घेतात. पण वाजवता वाजवता श्वासाची वाफ नळीत गार होऊन तिचं पाणी होतं आणि ते मधूनमधून खालच्या चापातून काढून टाकावं लागतं. तो चाप मी सौ.च्या पैठणीसमोर दाबला, त्या दिवशी कपाटाला कुलूप आलं.

शेवटी मास्तर म्हणाले, "अरे, तू म्यूट घे ना बाबा!"

म्यूट म्हणजे कर्ण्यात बसवायचं बूच. मराठीत शब्दशः 'मुका'. पण "मी मास्तरांकडून मुका घेऊन येतो" हे वाक्य ज्याला संसार टिकवायचा आहे त्यानं घरात उच्चारू नये. मी उच्चारलं. मुलगा अर्धा तास हसत होता. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूला 'बाबांचा मुका' असंच नाव पडलं.

मास्तरांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. तीत आयुष्यभराचे म्यूट. ते म्हणाले, "आठवड्याला एक घरी ने. घरात वाजव. काय आवडेल ते नंतर विकत घे. लग्न नाही करायचं पहिल्या दिवशी."

पहिल्या आठवड्यात आला स्ट्रेट म्यूट. अॅल्युमिनियमचा शंकू, अंगावर बुचाच्या तीन पट्ट्या. या पट्ट्या कर्ण्याला चिकटतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून आवाज बाहेर पडतो. हा म्यूट आवाज लहान करण्यापेक्षा त्याचा रंग बदलतो. जाडी काढून घेतो, धार ठेवतो. समोरचे काका म्हणाले, "आज काहीतरी वेगळं वाजवत होतात का? जरा टोचल्यासारखं झालं." वाद्यवृंदात त्या धारेला मोल असेल, आमच्या जिन्यात नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात कप म्यूट. तोच शंकू, पण पुढे एक वाटी पालथी घातलेली. आवाज गोल झाला, मऊ झाला, गोधडी पांघरून बोलणाऱ्या माणसासारखा. पण गोधडीतूनही मोठ्यानं बोललं की ऐकू जातंच.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांनी जे दिलं, ते पाहून सौ. म्हणाली, "हे आपल्या मोरीतलंच आहे ना?" प्लंजर! बेसिन तुंबलं की वापरतात ती रबराची वाटी, फक्त दांडा काढलेली. ही चेष्टा नव्हे. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये १९२०च्या दशकात बबर मायली नावाचा वादक हीच वाटी कर्ण्यापुढे उघडझाप करून ट्रम्पेटला माणसासारखं गुरगुरायला लावत असे. मी प्रयत्न केला. ट्रम्पेट माणसासारखा बोलला खरा, पण तो माणूस आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. आणि आवाज कमी नाही तो नाहीच.

चौथा हार्मन म्यूट. याला सबंध कडेने बुचाचं कडं असतं, त्यामुळे सगळा श्वास म्यूटच्या आतून जातो. मधली नळी काढून टाकून, मायक्रोफोनच्या अगदी जवळ धरून माइल्स डेव्हिसनं या म्यूटवर आपलं अर्धं साम्राज्य उभारलं. तो आवाज ऐकला की रात्री सव्वाच्या शेवटच्या लोकलमध्ये आपण एकटेच बसलो आहोत असं वाटतं. मला तो फार आवडला. सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं, "डास फार झालेत का हो आत?"

पाचव्या आठवड्यात मात्र खरा उमेदवार आला : प्रॅक्टिस म्यूट. याचा जन्मच घरच्यासाठी. कर्णा सगळीकडून बंद, आणि हवेला बाहेर पडायला सुईच्या नेढ्याहून थोडी मोठी दोन-चार भोकं. चांगला प्रॅक्टिस म्यूट वीस-पंचवीस डेसिबल गिळतो. वीस धरले तरी शक्तीचा शंभरातला एकच भाग बाहेर पडतो. ९९ टक्के कपात! एवढी सूट दिवाळीतसुद्धा कुणी देत नाही. मी तासभर वाजवलं आणि पलीकडच्या खोलीत मुलानं विचारलं, "बाबा, सुरुवात कधी करणार?"

पण बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस अशा वेळी हुरळून जात नाही. दुहेरी नोंदपद्धतीचा पहिला धडा काय? प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडलेलं असतंच. शेजाऱ्यांच्या खात्यात एवढी शांतता जमा झाली, ती आली कुणाच्या खात्यातून?

पहिली नोंद श्वासाच्या खात्यात. भोकं लहान, म्हणून हवा आतल्या आत अडते आणि उलट छातीवर दाब देते. दहा मिनिटांत मी तुंबलेल्या नळासारखा दिसू लागलो. दुसरी नोंद सुराच्या खात्यात. म्यूट घातला की सूर वर चढतो आणि खालचे सूर डळमळतात. हे दुखणं जुनं आहे. मोंटेव्हेर्दीचा 'ओर्फेओ' हा संगीतनाट्यप्रयोग इटलीतल्या मांतुआ इथे १६०७ साली झाला. त्याच्या छापील प्रतीत सूचना आहे की, सुरुवातीच्या तुकड्यात ट्रम्पेटला म्यूट लावणार असाल तर सगळं एक स्वर वरून वाजवा. म्हणजे एकानं तोंड दाबायचं आणि बाकीच्या साऱ्यांनी सरकून घ्यायचं! आपल्याला सरकवायला वाद्यवृंद नसतो. आपण ट्रम्पेटवरची सूर जुळवायची सरकनळी थोडी बाहेर ओढायची. तिसरी नोंद कानाच्या खात्यात. म्यूटमधून येतो तो आपला खरा आवाज नव्हे. रोज तोच ऐकत राहिलं तर नकळत जोर लावायची खोड लागते आणि म्यूट काढला की छपराची कौलं उडतात.

सहाव्या आठवड्यात मास्तरांच्या पुतण्याचा विजेचा म्यूट आला. १९९५ साली यामाहा कंपनीनं ही युक्ती बाजारात आणली. म्यूटच्या आतच छोटा मायक्रोफोन, तिथून वायर कमरेच्या डबीत, डबीतून कानांवरच्या हेडफोनमध्ये. शेजाऱ्यांना शांतता आणि वाजवणाऱ्याच्या कानात मोठ्या सभागृहाचा घुमारा. मी दहा बाय अकराच्या खोलीत बसून भल्या थोरल्या सभागृहात वाजवत होतो. घरच्यांना मात्र दिसत होता तो एक गाल फुगवलेला, डोळे मिटलेला, पायानं ताल धरलेला गृहस्थ आणि ऐकू येत होतं नुसतं "फुस्स". सौ. म्हणाली, "दादासाहेब फाळक्यांनंतर मूकपट थेट आमच्याच घरी."

तुलना करून मी निवड केली ती पाचव्याची, साध्या प्रॅक्टिस म्यूटची. कुणाला घ्यायचा असेल तर परीक्षा सांगून ठेवतो. म्यूट घालून वाद्याचा सगळ्यात खालचा सूर हळू वाजवून बघावा. तो न गुदमरता निघाला तर म्यूट माणसांतला. मग मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये सूर किती चढतो ते पाहावं. थोडा सगळेच चढवतात; पण खालचे, मधले, वरचे सगळे सूर सारखेच चढले तर सरकनळीनं भागतं, कमीजास्त चढले तर कशानंच भागत नाही. वजनाला हलका बघावा, नाहीतर ट्रम्पेटचं नाक खाली जातं आणि आपलं मनगट भरून येतं. आणि बसवताना कर्ण्यात एक उबदार श्वास सोडून, किंचित पीळ देऊन बसवावा. नाहीतर ऐन तानेत तो सुटून चहाच्या कपात पडतो.

इथे खरं म्हणजे लेख संपायला हवा. शेजारी खूश, सिस्टरबाई झोपेत, मी नवा म्यूट घेऊन खोलीत. पण दुहेरी नोंदपद्धतीत एक नोंद अजून यायची होती, आणि ती आली नव्या म्यूटच्या चौथ्या दिवशी, चपला न घालता.

आमचे अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कान बरेच गेलेले. कानाचं यंत्र आहे, पण ते टेबलाच्या खणात असतं. कारण त्यातून सुनेचं बोलणं आणि कुकरची शिट्टी सारख्याच थाटात ऐकू येतात, असं त्यांचं म्हणणं. मी वाजवायला बसलो की ते पॅसेजमधल्या आरामखुर्चीवर पेपर घेऊन बसत. वाजवण्याबद्दल कधी बरं नाही, वाईट नाही.

त्या संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. मी ट्रम्पेट तोंडाला लावलेला, गाल फुगलेले, बोटं चाललेली. त्यांनी मिनिटभर पाहिलं. मग काही न बोलता खणाकडे गेले, यंत्र काढलं, थरथरत्या बोटांनी बॅटरी बदलली, कानात घातलं आणि पुन्हा येऊन उभे राहिले. मी वाजवतच होतो. ते सौ.कडे वळून म्हणाले, "सूनबाई, सिस्टरना सांग. उरलेसुरले कानही गेले माझे."

मी म्यूट ओढून काढला आणि एक लांब, उघडा सूर लावला. घड्याळात किती वाजलेत, खाली कोण झोपलंय, काही पाहिलं नाही. अण्णांचा चेहरा हळूहळू सैल झाला. म्हणाले, "आहेत. आहेत अजून."

मग खुर्चीत बसून ते अकरा वर्षांचे झाले. १९५१ साली मामांनी त्यांना 'अलबेला' दाखवला होता. सी. रामचंद्रांचं संगीत, भगवानदादांचा नाच, आणि त्यात चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट. गोव्याच्या या वादकाचं खरं नाव आंतोनियु झेवियर वाझ. ताजमहाल हॉटेलातला त्याचा बँड तेव्हा मुंबईत गाजत होता. आमच्या आजोबांना वाद्य घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून अण्णांनी पुढचा उन्हाळाभर कंदिलाचं नळकांडं फुंकलं. ही गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी मला सांगितली नव्हती. माणसांचं बोलणं त्यांच्यापर्यंत अर्धवट पोचतं, पण शंभर डेसिबलचा ट्रम्पेट बिनयंत्राचा पोचत होता. घरातली एवढी एकच गोष्ट अण्णांना कुणी ओरडून सांगावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन जिना उतरलो आणि चढलो. मागणी एवढीच : संध्याकाळी ७ ते ७.१५, रोज, बिनम्यूटचा ट्रम्पेट. बाकी पाऊण तास म्यूटमध्ये. सिस्टरबाई म्हणाल्या, "सातला मी उठलेलीच असते. आणि काय हो, हे आधी का नाही सांगितलंत?" दहावीची मुलगी म्हणाली, त्या वेळात तिचा क्लास असतो, आणि नसता तरी चाललं असतं. सर्वांत कठीण समोरचे काका. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णा ऐकतात? बरं. रामरक्षा सव्वासातला घेतो. पण संकष्टीला सुट्टी." आणि सही केली. सेक्रेटरींनी खाली शिक्का मारला : ना हरकत. आमच्या सोसायटीत फ्लॅट विकतानाही हा शिक्का इतक्या लवकर मिळत नाही.

आता रोज सातला अण्णा खुर्ची ओढून बसतात. यंत्र खणातच. मी वाजवतो आणि ते ऐकतात, आणि ऐकू येत असल्यामुळे अर्थातच चुकाही काढतात. "तिसरा सूर पडला तुझा." "घाई नको." काल तर म्हणाले, "त्या पाऊण तासात आत बसून करतोस काय?"

मास्तरांना सगळा हिशेब सांगितला. शेजाऱ्यांना पाऊण तासाची शांतता, अण्णांना पाव तासाचा आवाज, माझ्या छातीवर थोडा दाब, काकांच्या रामरक्षेला पंधरा मिनिटांचा उशीर. दोन्ही बाजूंची बेरीज जवळपास जुळते. जो काही किरकोळ फरक राहतो, तो आम्ही बँकवाले अशा वेळी जिथे टाकतो तिथेच टाकला आहे : सस्पेन्स खात्यात.